कोण हा डॅनियल, आणि सगळ्या आज्या त्याच्यावर एवढ्या फिदा का?

प्रश्न थोडक्यात असा होता. आयर्लंडच्या पश्चिम भागातल्या एका नर्सिंग होममध्ये नुकतीच रुजू झालेली एक मराठी नर्स विचारते: "काका, इथल्या निम्म्या आज्यांच्या खोलीत एकाच माणसाचा फोटो आहे, डॅनियल म्हणून. मी त्याची चार-पाच गाणी ऐकली. आवाज गोड आहे, पण त्यात एवढं काय ते कळेना. हे लोक अमेरिकन गाण्यांची नक्कलच करतात ना? मला आज्यांशी बोलायला विषय हवाय, म्हणून विचारते."

काका म्हणालीस म्हणून एकेरीतच लिहितो. मी साउंडवाला. आधी पुण्यात ऑर्केस्ट्रांचा साउंड करायचो, आता वीसेक वर्षं इथे हॉटेलांतले डान्स, चर्चच्या आवारातले हॉल, लग्नं असली कामं करतो. त्यातली बरीचशी कंट्री बँडची, म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडच्या ढंगाची गाणी वाजवणाऱ्यांची. डॅनियल ओ'डॉनेलचा साउंड मी कधी केलेला नाही, त्याची माणसं ठरलेली असतात. पण त्याचा कार्यक्रम तिकीट काढून दोनदा पाहिलाय, आणि खोड जात नाही म्हणून दोन्ही वेळा मिक्सरजवळची खुर्ची धरली.

आधी ते 'नक्कल' प्रकरण निपटू.

इथे ज्याला 'कंट्री अँड आयरिश' म्हणतात ते मुळात ऐकायचं संगीत नाहीच, ते नाचायचं आहे. पन्नासच्या दशकाच्या अखेरीपासून पुढे पंधरा-वीस वर्षं या देशात शोबँडचं राज्य होतं. सूट घातलेले सात-आठ वादक, ब्रास म्हणजे ट्रम्पेटसारखी फुंकवाद्यं, गिटार, ड्रम, आणि जे लोकप्रिय असेल ते सगळं वाजवायचं: रॉक अँड रोल, अमेरिकन कंट्री, आयरिश वॉल्ट्झ. गावाबाहेर, कधी अगदी माळावर भलेमोठे बॉलरूम उभे राहिले. पुरुष एका भिंतीला, बायका समोरच्या भिंतीला. आत दारू मिळायची नाही, लिमोनेड प्यायचं. तीन गाण्यांचा एक सेट संपला की जोड्या सुटायच्या आणि सगळे परत आपापल्या भिंतीला. ईस्टरआधीच्या लेंटमध्ये, म्हणजे ख्रिश्चनांच्या उपवासाच्या दिवसांत, नाच बंद, म्हणून बँड तेवढे दिवस इंग्लंड-अमेरिकेतल्या आयरिश वस्त्यांमध्ये वाजवायला जायचे. आल्बर्ट रेनॉल्ड्स पुढे १९९२ मध्ये या देशाचा पंतप्रधान झाला. त्याने पैसा कमावायला सुरुवात केली ती भावाबरोबर चालवलेल्या बॉलरूमच्या साखळीतून. यावरून तो धंदा केवढा असेल याचा अंदाज कर.

या सगळ्या खिचडीतून कंट्रीच टिकलं, बाकीचं गळून पडलं. का? कारण त्या गाण्यांत आई आहे, सोडलेलं घर आहे, पत्र आहे, परत न आलेला मुलगा आहे. हे इथल्या घराघरात होतं, त्यासाठी नक्कल कशाला करावी लागते? मोनाहन परगण्यातल्या कॅसलब्लेनीजवळचा बिग टॉम मॅकब्राइड १९६६ मध्ये टीव्हीवर आईवरचं एक गाणं गायला आणि पुढची पन्नास वर्षं या लोकांचा राजा होऊन राहिला. २०१८ मध्ये तो गेला, आता गावात त्याचा पुतळा आहे. त्याचा आवाज तुला ऐकवला तर तू म्हणशील, हा तर शेजारचा शेतकरी गातोय. बरोबर आहे. तो तसा वाटतो म्हणूनच तो लोकांचा झाला.

आता वाजवण्यातलं सांगतो. अमेरिकन रेकॉर्ड ऐक आणि तेच गाणं आयरिश बँडचं ऐक. इथे बास पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला, जवळजवळ फक्त सा आणि प. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला स्नेअर ड्रम. लय जराही हलायची नाही. मधे गिटारवाल्याला करामत सुचली तरी नाचणाऱ्याचा पाय चुकता कामा नये. तीन मात्रांचं गाणं म्हणजे वॉल्ट्झ, चार मात्रांचं जलद म्हणजे जाइव्ह किंवा क्विकस्टेप. गाणारा कोणीही असो, मालक खाली नाचतोय.

हे मला कळलं ते फजिती होऊन. इथला माझा पहिला डान्स. मी पुण्याच्या सवयीने गायकाला भरपूर एको दिला, लीड गिटार पुढे काढली, मनात म्हटलं काय भरलेला आवाज येतोय! दोन सेट झाल्यावर सत्तरीच्या एक बाई मिक्सरपाशी आल्या. अगदी प्रेमाने म्हणाल्या, "बाळा, ती बाई मुलाला पत्रात काय लिहिते ते मला ऐकूच आलं नाही." मी एको काढून टाकला. त्या रात्रीपासून कंट्रीचा साउंड करताना मी आधी शब्द लावतो, मग बाकीचं.

आता डॅनियल.

१२ डिसेंबर १९६१ चा जन्म, डोनेगॉल परगण्यातलं किंकासला गाव. नकाशात आयर्लंडचा वायव्येकडचा टोकाचा तुकडा बघ, त्यात अगदी समुद्राला टेकलेला 'द रॉसेस' म्हणून भाग आहे, खडक, दलदल आणि छोटी-छोटी बेटं. आई जूलिया त्यांतल्याच ओई बेटावरची. जमीन अशी की पोट भरणं मुश्कील, म्हणून पिढ्यानपिढ्या लोक हंगामी कामाला स्कॉटलंडला जायचे, बटाटे काढायला, शेतावर, बोगद्यांच्या खोदकामावर. ग्लासगो म्हणजे डोनेगॉलची मुंबई समज. वडील फ्रान्सिस त्यांतलेच. डॅनियल सहा वर्षांचा असताना ते हृदयविकाराच्या झटक्याने गेले. पाच भावंडांत हा शेंडेफळ.

घर सावरायला जो पैसा आला त्यातला बराच गाण्यातून आला, पण तो डॅनियलच्या नाही, बहिणीच्या. मार्गो, त्याच्याहून दहाएक वर्षांनी मोठी. १९६४ मध्ये, तेरा वर्षांची शाळकरी पोर असताना ती 'कीनोट्स' नावाच्या स्थानिक बँडमध्ये गायला लागली, आणि साठचं दशक संपायच्या आत सगळ्या देशाला तिचं नाव माहीत होतं. तिला 'कंट्री अँड आयरिश'ची राणी म्हणतात. आज्यांपुढे डॅनियलचं कौतुक करायचं असेल तर आधी मार्गोचं नाव घे. डोनेगॉलकडच्या बायका लगेच सरसावून बसतील. माझं स्पष्ट मत: गायिका म्हणून दोघांत मार्गो मोठी. तिच्या आवाजात जी जखम आहे ती भावाच्या गाण्यात कधी आली नाही. पण तिच्या नशिबी शोबँडच्या जमान्याची दगदग आली, तो रात्रभरचा प्रवास आणि ते बेभरवशाचे हिशेब. डॅनियलने ते सगळं जवळून पाहिलं आणि वेगळ्या रस्त्याने गेला.

शिक्षक व्हायचं मनात धरून तो १९८० मध्ये गॉलवेला कॉलेजात गेला. मन रमलं नाही. जानेवारी १९८१ मध्ये बहिणीच्या बँडमध्ये दाखल झाला, मागे गिटार घेऊन उभा राहायचा. बहिणीच्या सावलीत किती दिवस राहणार? ९ फेब्रुवारी १९८३ ला त्याने स्वतःचे १,२०० पौंड घालून पहिली रेकॉर्ड केली. डोनेगॉलच्या किनाऱ्याची आठवण काढणाऱ्या माणसाचं गाणं. लिहिलेलं जॉनी मॅकॉलीने, जो स्वतः घरापासून लांब, लंडनमध्ये राहायचा. या शैलीतली कितीतरी अस्सल 'गावाकडची' गाणी लंडनमध्ये बसून लिहिली गेलीत, हे लक्षात ठेव. छापून आलेल्या सगळ्या प्रती डॅनियलने स्वतः फिरून विकल्या.

मग स्वतःचा बँड काढला, तो टिकला नाही, दुसरा काढला, पैशाची ओढाताण. वेळच वाईट होती. बॉलरूम बंद पडत चालले होते, डिस्को आले होते, बार असलेली हॉटेलं आली होती. १९७५ मध्ये मायामी शोबँडच्या गाडीवर सीमेपलीकडे, उत्तर आयर्लंडमध्ये, हल्ला होऊन तीन वादक मारले गेले, तेव्हापासून रात्रीच्या प्रवासाची भीती बसली ती वेगळीच. म्हणजे डॅनियल दुकान उघडायला आला तेव्हा बाजार उठत होता.

आणि इथे त्याने, किंवा त्याने आणि त्याच्या माणसांनी मिळून, एक गोष्ट ओळखली. साठच्या दशकात जे तरुण नाचत होते ते ऐंशीत चाळिशी-पन्नाशीला आले होते. गुडघे दुखत होते, पण गाणी तीच हवी होती. डॅनियलने या लोकांना खुर्च्या दिल्या. डान्स हॉलमधून तो थिएटरमध्ये गेला. संध्याकाळी वेळेवर सुरू होणारा, दारू न सांडणारा, बसून ऐकायचा कार्यक्रम. रिट्झ रेकॉर्ड्सचा मिक क्लर्किन आणि मॅनेजर शॉन रायली हे दोघं १९८६ च्या सुमारास त्याच्या मागे उभे राहिले आणि गाडी रुळावर आली. त्यांनी कॅसेट आणि व्हिडिओ अशा लोकांपर्यंत नेले, जे रेकॉर्डच्या दुकानात पाऊल टाकत नव्हते. १९८८ पासून दरवर्षी त्याचा कुठला ना कुठला नवा अल्बम ब्रिटनच्या सर्वाधिक खपाच्या यादीत येत राहिला. २०१२ मध्ये असं सलग पंचविसावं वर्ष झालं, आणि तोपर्यंत हे कोणालाच जमलं नव्हतं. ना रॉकवाल्यांना, ना पॉपवाल्यांना.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तर गंमतच झाली. ब्रिटनच्या कंट्री अल्बमच्या यादीत एकटा डॅनियलच इतक्या जागा अडवून बसला की यादी करणाऱ्यांनी त्याला बाहेरच काढलं. म्हणे हे कंट्री नाही. चाहत्यांनी आणि संगीतवाल्यांनी आरडाओरडा केला, मग परत घेतलं.

आता तुझ्या नक्कलवाल्या शंकेला शेवटचा खिळा. जॉन प्राइन आणि रॉजर कुक यांनी लिहिलेलं, 'मला फक्त तुझ्याबरोबर नाचायचंय' अशा अर्थाचं एक हलकंफुलकं गाणं डॅनियलने १९९२ मध्ये ब्रिटनच्या पहिल्या विसात नेलं. तेच गाणं अमेरिकेत तिथला कंट्री गायक जॉर्ज स्ट्रेट याने गायलं आणि तिथल्या कंट्री यादीत पहिलं आणलं, ते १९९८ मध्ये. सहा वर्षांनी! त्याने इथून उचललं असं मी म्हणत नाही, गाणं मूळचं प्राइनचंच. पण कोण कोणाच्या मागे असतं हे एवढं सरळ नसतं.

'आवाजात विशेष काय' याचं उत्तर मी साउंडवाला म्हणून देतो. ताकद शोधशील तर हाती काही लागणार नाही. तो ओरडत नाही, ताना घेत नाही, सूर वर नेऊन दाखवत नाही. माईक ओठांजवळ, आवाज बोलण्याइतकाच, आणि प्रत्येक शब्दाचं शेवटचं व्यंजन पूर्ण उच्चारलेलं. हे ऐकायला सोपं वाटतं. आमच्याकडे येणारे तरुण गायक हळू गायला लागले की शब्दाचं शेपूट गिळतात, मग आम्ही मिक्सरवर वरच्या पट्ट्या ढकलत बसतो आणि शिट्टी वाजते. डॅनियलच्या कार्यक्रमात मी पाहिलं, ऑपरेटरचा हात त्याच्या चॅनेलवर जवळजवळ जातच नव्हता. पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत आवाजाची पातळी तीच, जोर लावून माईक लांब नेणं वगैरे नखरे नाहीत. मागे अकॉर्डियन आणि गिटार त्याची ओळ संपली की बोलणार, तो गात असताना गप्प. श्रवणयंत्र लावलेल्या माणसालाही अर्धी ओळ हुकत नाही. तुझ्या आज्यांपैकी किती जणींच्या कानात यंत्र आहे बघ, म्हणजे कळेल.

मग कार्यक्रम संपतो आणि दुसरा सुरू होतो. लोक रांग लावतात, तो भेटतो. तासन् तास. हात हातात घेतो, मागच्या खेपेला काय बोलणं झालं ते विचारतो. माणसांची नावं लक्षात ठेवण्यासाठी तो प्रसिद्धच आहे. नव्वदच्या दशकात तर वर्षातून एकदा किंकासलाच्या घरी चाहत्यांना चहाला बोलवायचा. त्या इवल्याशा किनाऱ्यावरच्या गावात हजारोंनी लोक यायचे, बहुतेक बायका, बसच्या बस भरून, इंग्लंड-स्कॉटलंडहूनसुद्धा. चहा, बिस्किट, डॅनियलबरोबर एक फोटो. तुझ्या एखाद्या आजीच्या भिंतीवरचा फोटो तिथला असू शकतो. मागे पांढरं घर आहे का बघ.

यावर टीका आणि टिंगल भरपूर झाली. डब्लिनच्या शहाण्यांना तो नेहमीच हसायचा विषय होता. नव्वदच्या दशकातल्या 'फादर टेड' या विनोदी मालिकेत म्हाताऱ्या बायकांनी डोक्यावर घेतलेला एक लाडोबा गायक आहे, तो याच्यावरूनच बेतलाय असं सगळे म्हणतात. मालिका मीही पाहिलीय, हसलोही. मात्र एक सांगतो. आमच्या धंद्यात कलाकार चांगला की वाईट हे गाण्यावरून ठरतं, पण माणूस कसा ते हॉलच्या मागच्या दाराला कळतं, जिथे हमाल, ड्रायव्हर आणि साउंडवाले उभे असतात. तिथे डॅनियलबद्दल वाकडं बोलणारा मला वीस वर्षांत भेटला नाही.

बाकीचं भराभर सांगतो. १९९२ च्या सुरुवातीला अतिश्रमाने तो कोलमडला आणि काही महिने गाणं बंद ठेवलं. मेरी डफ ही मीथ परगण्यातली गायिका वर्षानुवर्षं त्याच्या कार्यक्रमांत गात आली आहे, द्वंद्वगीतं ऐकायची तर तिच्याबरोबरची ऐक. १९९८ मध्ये रुमानियातल्या अनाथाश्रमांच्या मदतीसाठी काढलेलं त्याचं गाणं ब्रिटनमध्ये सातव्या क्रमांकापर्यंत गेलं. २००२ हे मोठं वर्ष: ब्रिटनचा एमबीई हा किताब मानद म्हणून मिळाला आणि नोव्हेंबरमध्ये गावच्याच चर्चमध्ये मजेलाशी लग्न झालं. तोवर चाळिशी उलटली होती. अनेक आज्यांना तेव्हा वाईट वाटलं होतं म्हणे, विचारून बघ, लाजतील. अमेरिकेत त्याला लोकांनी ओळखलं ते सार्वजनिक टीव्हीवरच्या कार्यक्रमांमुळे. मग मिसुरीतल्या ब्रॅन्सनला दरवर्षी मुक्काम. २०१३ मध्ये मजेलाला स्तनाचा कर्करोग झाला तेव्हा त्याने दौरे थांबवले, २०१४ मध्ये परत सुरू केले. त्याच २०१४ च्या मे महिन्यात आई जूलिया गेली, चौऱ्याण्णव वर्षांची होऊन. ती स्वतःच चाहत्यांमध्ये एवढी लोकप्रिय होती की गावात आलेले लोक तिला भेटल्याशिवाय जात नसत. २०१५ मध्ये बीबीसीच्या नाचाच्या स्पर्धेत उतरला आणि लवकरच बाहेर पडला. ज्याच्या गाण्यावर दोन पिढ्या नाचल्या त्याला स्वतःला नाच फारसा येत नाही हे जगाला दिसलं, त्यानेही ते हसून घेतलं.

हे म्हाताऱ्यांपुरतंच आहे असं मात्र समजू नकोस. २०१४ मध्ये गार्थ ब्रुक्स या अमेरिकन कंट्री गायकाच्या डब्लिनमधल्या पाच कार्यक्रमांची चार लाख तिकिटं खपली होती, देशाची लोकसंख्या तेव्हा पन्नास लाखसुद्धा नव्हती. परवानगीच्या घोळात सगळे कार्यक्रम रद्द झाले, तर जणू राष्ट्रीय आपत्ती आल्यासारखी चर्चा चालली होती. लिव्हरपूलमध्ये जन्मलेला कंट्री गायक नेथन कार्टर गेली बारा-तेरा वर्षं पोरांना जाइव्हवर नाचवतोय. टीजी४ या आयरिश भाषेच्या वाहिनीवर कंट्री गायकांची स्पर्धा लागते. मी ज्या हॉटेलांत काम करतो तिथे विशीतली पोरं जाइव्ह शिकायला क्लास लावून येतात.

आता तुझ्या कामाचं. गाणी लावताना सुरुवात त्या १९८३ च्या डोनेगॉलवाल्या गाण्याने कर, त्यात काय म्हटलंय ते कळलं की बाकीचं आपोआप कळेल. नंतर मार्गोचं एखादं, नंतर बिग टॉम. आवाज मोठा करू नकोस, स्पीकर आजीच्या जवळ ठेव, आणि फोनवर 'बास बूस्ट' वगैरे चालू असेल तर बंद कर, शब्द बुडतात. सकाळी स्थानिक रेडिओ लावलास तर फर्माइशी आणि निधनवार्ता दोन्ही ऐकायला मिळतील. निधनवार्ता लागल्या की मधे बोलू नकोस, त्या वेळी सगळ्या कान देऊन ऐकत असतात.

आणि "तुम्हाला डॅनियल आवडतो का?" असं विचारू नकोस, त्याचं उत्तर 'हो'वर संपतं. "तुम्ही कुठल्या हॉलला नाचायला जायचात?" असं विचार. त्या हॉलचं नाव सांगतील, सायकलने किती मैल जायच्या ते सांगतील, कोणता बँड होता, समोरच्या भिंतीवरून कोण चालत आला आणि कोण आला नाही, तेही सांगतील. त्यातल्या एखादीला उभं राहता येत असेल आणि तुमच्या फिजिओची हरकत नसेल, तर एक वॉल्ट्झ लाव आणि हात पुढे कर. मोजायला सोपं आहे, आपला दादरा अर्धा केला की झालं. पहिल्या तीन मात्रांतच ती तुला सांगेल, की तुझा पाय चुकतोय.